काळ्या पडद्याचे गुण

ऑफिसात तिला सगळे करवत म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. व्हिडिओ गेम खेळायचे, त्यांची परीक्षणं लिहायची आणि दहापैकी गुण द्यायचे, हे तिचं काम. हे ऐकलं की लोकांना हसू येतं. तिची एक मावशी तर दर भेटीत विचारायची, "म्हणजे दिवसभर खेळतेस आणि वर पगार घेतेस?" करवत एकदा म्हणाली, "हो ना मावशी. तुम्ही दिवसभर मालिका बघता आणि कुणी काही देत नाही, हा अन्यायच आहे." मावशीने तेव्हापासून विचारणं सोडलं, बोलणंही सोडलं.

ज्यांना हसू येतं त्यांनी आठवडाभर हे काम करून बघावं. शर्यतीचा गेम आला की गाडी वळणावर घसरते ती आपल्या चुकीने की बनवणाऱ्याच्या आळसाने, हे कळेपर्यंत तेच वळण घेत राहायचं. शेतीचा आला की पडद्यावरचा कोबी उगवण्याची वाट बघत बसायचं. भुताचा आला की दचकायचं, आणि का दचकलो ते लगेच लिहायचं. नुसता मोठा आवाज करून दचकवलं असेल तर गुण कापायचे, कारण दार आपटून कुणीही कुणालाही दचकवू शकतो. गेम पूर्ण संपवल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे. अर्ध्यावर सोडून शेवट दुसऱ्याकडून ऐकून लिहिणारे ऑफिसात होते. ते कोण, हे तिला ठाऊक होतं, आणि जेवणाच्या सुट्टीत ती त्यांची नावं मोठ्याने घ्यायची.

हा खेळायचा नाद तिला लावला दादाने. लहानपणी दोघं एकाच पलंगावर मांडी घालून खेळत आणि खेळण्यापेक्षा जास्त भांडत. दादा जिंकायचा आणि जिंकल्यावर गेमला नावं ठेवायचा. हा पूल इथे कशाला, हा राक्षस इतका मंद का, हे बनवणाऱ्याला कुणी विचारत कसं नाही? करवतीला जे दात फुटले ते त्या पलंगावर. पुढे दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, त्याचं लग्न झालं, तरी रविवारी भांडणं ठरलेली. मग काचबिंदूने त्याचे डोळे नेले. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. नोकरी गेली आणि रविवारही गेले. आता तो खिडकीपाशी बसून बातम्या ऐकायचा, आणि वहिनीने चहा आणला की मुकाट्याने पेला हातात घ्यायचा. हा माणूस मुकाट्याने काही करणाऱ्यातला नव्हता, म्हणून करवतीला ते बघवत नसे.

अशात तिच्याकडे एक गेम आला. बुडत्या जहाजाचा. दोघांनीच मिळून बनवलेला. जहाजावरचे दिवे गेलेत, तळात पाणी शिरलंय, आणि अडकलेल्या खलाशांना नुसत्या कानाने शोधायचं. पडदा पहिल्यापासून शेवटपर्यंत काळा. दिसत काहीच नाही. पाण्याची खळखळ, लोखंडी दारांची करकर, कुणाचा खोकला, कुणाची हाक. करवतीने दहा मिनिटं खेळून बंद केला, गेमचं सामान पिशवीत घातलं आणि तडक दादाचं घर गाठलं.

"मला नको असलं काही," दादा म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी? मला अडलंय. ऐकून सांग, पाणी कुठून येतंय."

हेडफोन कानाला लागले आणि दादाची मान सरळ झाली. बोटं बटणांवर अशी गेली की जणू काल रात्रीच खेळून उठलाय. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी राहिली ती तिथेच राहिली. मग आठवडाभर करवत रोज संध्याकाळी तिथे. थोडं ती खेळायची, बरंचसं तो. गेम संपला तेव्हा दादा म्हणाला, "हा इथेच ठेव दोन दिवस. मला पुन्हा पहिल्यापासून खेळायचाय." घरी जाऊन तिने एका बैठकीत परीक्षण लिहिलं.

आता ऑफिसातली रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला. परीक्षण लिहिलं की संगणकावर पाच चौकटी भरायच्या: चित्र, आवाज, हाताळणी, कथा, मजा. यंत्र बेरीज करतं, पाचाने भागतं आणि तो आकडा संकेतस्थळावर लेखाच्या डोक्यावर ठळक झळकतो. लेख कितीजण वाचतात देव जाणे, आकडा सगळे बघतात. त्यातही सातची पायरी महत्त्वाची. सात किंवा वर मिळाले तर गेम 'जरूर खेळा'च्या यादीत जातो, आणि गेम विकणारी दुकानं तीच यादी उचलून दर्शनी भागात लावतात. सातच्या खाली गेलेला, विशेषतः दोघांनी बनवलेला गेम, कुठल्या कोपऱ्यात पडतो ते त्याच्या आईलाही सापडत नाही.

करवतीने आवाजाला नऊ दिले, हाताळणीला आठ, कथेला आठ, मजेला नऊ. चित्राची चौकट रिकामी ठेवली. जे नाहीच त्याला गुण कसले? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बघितलं तर लेखाच्या डोक्यावर सहा पूर्णांक आठ. रिकामी चौकट यंत्राने शून्य धरली होती. लेखात तिने गेमला डोक्यावर घेतलेलं, आणि वर आकडा असा की लेख आणि गुण दोन वेगळ्या माणसांनी दिलेत असं वाटावं.

ती संपादकांच्या खोलीत शिरली ती दार न वाजवता.

"चित्रच नाही तर चित्राचे गुण का कापले?"

"कापले नाहीत. मिळाले नाहीत," संपादक म्हणाले. हा माणूस वाईट नव्हता, पण आकड्यांवर त्याचा नको इतका विश्वास होता. "हे बघ, वाचकाला तुलना करायची असते. सगळ्या गेमना एकच मोजपट्टी पाहिजे."

"एकच? फुटबॉलच्या गेमला कथेचे सात दिलेत आपण. कुठली कथा आहे त्यात? चेंडू इकडून तिकडे गेला आणि परत आला, ही?"

संपादकांनी चष्मा काढून पुसला. "तिथे सात द्यायची पद्धत आहे."

"आणि कोड्यांच्या गेमला? त्यात रंगीत चौकोनांशिवाय काही नाही. त्यालाही कथेचे सहा."

"बरं, मग तूही पद्धतीने दे. काळा रंग खोल आहे, परिणामकारक आहे, असं एक वाक्य टाक आणि चित्राला सात देऊन मोकळी हो. आठच्या वर जाईल, मी स्वतः बदलतो."

"मी खोटं लिहीत नाही."

"मग असं करू. अंधांसाठीचे गेम असा एक वेगळा विभाग काढू. तिथे सगळ्यांना वाटेल कौतुक, आणि गुणांची भानगडच नको."

इथे करवतीचा आवाज इतका चढला की बाहेरच्या टेबलांवरची बटणांची टकटक थांबली. "वेगळा विभाग म्हणजे कोपरा. गेमच्या रांगेत बसवायची लाज वाटते म्हणून बाजूला पाट मांडून द्यायचा. तो गेम आहे. इतर गेमसारखा त्याला मोजा. शर्यतीच्या गेमला भुतं नाहीत म्हणून गुण कापता का तुम्ही? मग ज्याला चित्र नकोच होतं त्याचे का कापता? चौकट काढा, नाहीतर माझं नाव काढा."

नाव काढणं परवडणारं नव्हतं; करवतीचं परीक्षण म्हणून वाचणारे बरेच होते. संपादकांनी तंत्रज्ञाला बोलावलं. लेख तात्पुरता उतरवला गेला. जी गोष्ट गेममध्ये मुळातच नसेल तिची चौकट उद्यापासून भागाकारात धरायची नाही, असं ठरलं. "उद्या नव्याने भर," संपादक थकून म्हणाले. तिने मनात हिशेब केला: साडेआठ.

ती दादाकडे गेली ती गड जिंकल्यासारखी. चप्पल काढता काढताच सगळं सांगितलं, संपादकांची नक्कलही केली. वहिनी हसली. दादा हसला नाही.

"साडेआठ?" तो म्हणाला. "कशाचे?"

"म्हणजे काय, गेमचे."

"जहाजाच्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा आवाज दोन्ही कानांत सारखाच येतो. दिशाच कळत नाही. मी तिथे पाच वेळा बुडालो. तुला नाही कळलं?"

करवतीने पिशवी खाली ठेवली.

"कप्तान शेवटी उभा राहून सगळी गोष्ट समजावून सांगतो, शाळेतल्या बाईंसारखी. जहाज बुडतंय आणि हा भाषण देतोय. आणि दारं. अख्ख्या जहाजात एकच दार आहे, तेच सगळीकडे करकरतं. दुसऱ्या कुठल्या गेमने असलं केलं असतं तर तू त्याची चटणी केली असतीस. करवत म्हणतात ना तुला?"

"अरे, पण दोघांनीच..."

"तुझ्या परीक्षणात लिहिलंयस दोघांनी केलं म्हणून माफ? नाही ना. मग कुणासाठी माफ केलंस?" दादाचा आवाज चढला होता. "डोळे गेल्यापासून सगळं जग माझ्या हो ला हो म्हणतंय. मी म्हटलं आज गुरुवार, तर शनिवार असला तरी ही म्हणते हो, गुरुवार. निदान तू तरी असं करायला नको होतंस. डोळे गेलेत माझे, अक्कल गेली नाही."

वहिनी मान खाली घालून आत गेली. करवतीच्या तोंडावर उत्तर आलं होतं, ते तिने गिळलं, कारण ते खरं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर ती गेम खेळतच नव्हती. ती दादाचा चेहरा बघत होती. पाण्याची दिशा कळतेय की नाही इकडे तिचं लक्षच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने न खेळता गुण दिले होते, आणि ज्यांची नावं ती जेवणाच्या सुट्टीत घेत असे त्यांच्यात आता तीही होती. तिला स्वतःचा इतका संताप आला की ती उठली, हेडफोन घेतले आणि दादाच्या शेजारी बसून तिसरा मजला पुन्हा सुरू केला. ती बुडाली. पुन्हा बुडाली. दादा म्हणत राहिला, "बघ. बघ आता." मग दोघं कप्तानाच्या भाषणावरून भांडले. भाषण मुळातच नको, असं त्याचं म्हणणं. अर्धं ठेवावं, असं तिचं.

दुसऱ्या दिवशी तिने परीक्षण नव्याने लिहिलं. जे चांगलं ते ठेवलं, जे फसलं ते एकेक करून मांडलं, मऊ न करता. आवाजाला सात, हाताळणीला पाच, कथेला पाच, मजेला सात. चित्राची चौकट आता मध्ये येत नव्हती. यंत्राने आकडा दिला: सहा.

संपादक स्वतः तिच्या टेबलाशी आले. "कालचा एवढा तमाशा कशासाठी केलास मग? काल सहा पूर्णांक आठ होते. आज त्याहून कमी. यादीत तर येत नाहीच."

"काल त्याला काळ्या पडद्याची शिक्षा झाली होती," करवत म्हणाली. "आज त्याच्या चुकांची झालीय. ती त्याला मिळायलाच हवी."

संपादक आपल्या खोलीत परत गेले. लेख चढला. तिला बरं वाटत नव्हतं. यादीची दारं गेम बनवणाऱ्या दोघांना तिनेच बंद केली होती, हे तिला ठाऊक होतं, आणि खरं लिहिलं म्हणून ते हलकं होत नव्हतं.

संध्याकाळी ती दादाकडे असताना फोन आला. गेम बनवणाऱ्या दोघांपैकी एक होता. ऑफिसातून नंबर मिळवला असणार. त्याने तिला बोलूच दिलं नाही. आम्ही दोन वर्षं राबलो, तुम्हाला काय कळतं, तिसऱ्या मजल्यावरचं पाणी मुद्दामच तसं ठेवलंय, घाबरलेल्या माणसाला दिशा कळत नसते, तुम्ही डोळसांनी डोळे मिटून दोन तास खेळलात आणि झालात शहाण्या. आवाज इतका मोठा की शेजारी बसलेल्या दादाला शब्द न् शब्द ऐकू जात होता.

दादाने हात पुढे केला. "आण इकडे."

तिने फोन दिला.

"ते पाणी मुद्दाम ठेवलंय म्हणालात का?" दादाने विचारलं. "मग तुम्ही कधी खरंच अंधारात उभे राहिला नाहीत, साहेब. मी रोज राहतो. घाबरलेल्या माणसाला दिशा जास्त कळते, कमी नाही." पलीकडून काहीतरी तावातावाने आलं. दादा खुर्चीत पुढे सरकला. "नाही, चूक. साफ चूक. माझं पुरतं ऐकून घ्या आधी. आणि त्या कप्तानाचं काय? तेही मुद्दामच?"

पलीकडचा माणूस आता पार चिडला होता. तो दादाच्या एकाही वाक्याला हो म्हणत नव्हता. तो तोडत होता, वाद घालत होता, तुम्हाला गेममधलं काही कळत नाही असं म्हणत होता. वहिनी चहा घेऊन आली आणि जागीच थांबली. दादाने न बघताच पेल्यासाठी हात पुढे केला, तिने लगेच दिला नाही म्हणून तिच्यावर खेकसला, आणि पुन्हा फोनवर भांडायला लागला.