मनगटावरची तीन दिवसांची पट्टी

बायको जाऊन आठ महिने झाले होते. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की पहिली दिवाळी करत नाहीत. कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. भावकीतली माणसं फराळाचा डबा आणून देतात आणि तोंड पाडून बसतात. मला ते बसणं नको होतं. म्हणून सावेडीत राहणाऱ्या माझ्या मुलानं घाटाखालच्या पाण्याच्या पार्काची तीन दिवसांची तिकिटं काढली, तेव्हा मी अडवलं नाही. नुसतं म्हणालो, "आईला वरीस न्हाई झालं, अन् पाळन्यात बसायचं व्हय?"

"तुमी नका बसू दादा," तो म्हणाला. "पन घरी एकटं बी बसू नका."

पहिल्या दिवशी दारावरच्या पोरीनं आमचे फोटो काढले आणि प्रत्येकाच्या मनगटाला चिवट कागदाची पट्टी चिकटवली. तीन दिवस काढायची नाही, असं बजावलं. मी ऐकलं होतं. कान शाबूत आहेत माझे.

पण दवाखान्यात हिच्या हाताला अशीच पट्टी होती. नाव, वय, खाटेचा नंबर. हात सुजून ती मांसात रुतलेली. ही गेल्यावर मीच ती कापली. त्या दिवशी पार्कात मी पाळणे बघितलेच नाहीत, मनगटच बघत होतो. संध्याकाळी लॉजवर आल्याबरोबर सुनेच्या पिशवीतली कात्री घेतली, पट्टी कापली आणि कचऱ्यात टाकली.

सकाळी नात ओरडली, "आजोबा, तुमची पट्टी?"

झाडणाऱ्या बाईनं कचरा केव्हाच नेला होता. मी म्हणालो, तुम्ही आत जा, मी टपरीवर चहा पीत बसतो. नात फरशीवर फतकल मारून बसली. "आजोबा न्हाई तर मी पन न्हाई."

नऊ वर्षांची पोर. मागच्या दिवाळीची सुट्टी तिनं दवाखान्याच्या जिन्यात काढली होती. आता ही दिवाळी माझ्या कात्रीनं बुडणार. मुलानं तिला उचललं आणि मलाही चला म्हणाला.

पार्काच्या दारावर मुलगा कालच्या पोरीला सांगायला लागला, "कुठंतरी पडली असंल..."

"पडली न्हाई," मी म्हणालो. "मी कापली. बायको मेली तवा तिच्या हातची कापली हुती. मला बघवंना."

मुलगा खाली बघायला लागला. त्याला हे ठाऊक नव्हतं. मागची रांग ढकलत होती. पोरीनं कम्प्युटरमध्ये कालचा फोटो काढला. "हे तुम्हीच ना? भांडायला आल्यासारखे दिसताय."

"मामांचं तोंडच तसलं हाय," सून मागून बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मला हसू फुटलं. थांबेचना. पोरीनं आत साहेबाला विचारलं. फोटो जुळतोय म्हटल्यावर तिनं नवी पट्टी मनगटाऐवजी माझ्या टोपीला चिकटवून दिली. छातीवरचं पोतं उतरल्यासारखं झालं. नात तर केव्हाच पाण्याकडं पळाली होती.

मी काठावर पाय सोडून बसलो. लाट आली, पायजमा कमरेपर्यंत भिजला. नातीनं तोंडावर पाणी उडवलं, मीही उडवलं. कुणी काय म्हणेल, हे मनात आलं नाही. आलं असतं तरी उठलो नसतो.

परतताना मीच विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"