भगरीचं पीठ

आईचे नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास असतात. चौथ्या माळेला मी ठाण्याहून माहेरी, ठाकुर्लीला गेले, तर आई मोरीत भिंत धरून उभी. ओकून ओकून डोळे लाल झालेले. हात इतके थरथरत होते की पाण्याचा पेलाही तिला धरवेना.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत?"

"काही नाही. उपवास आहे," आई म्हणाली, आणि मीही मान डोलावली. आमच्याकडे भगरीची भाकरी, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी पोटभर झाली तरी ते काही खाणं नव्हे, तो फराळ! डॉक्टरांनाही ते पटलं. रिकाम्या पोटी पित्त खवळलंय म्हणाले, गोळी दिली आणि थोडं थोडं खात राहा असं सांगितलं.

म्हणून घरी येऊन आईनं सकाळची उरलेली भाकरी दह्याशी खाल्ली. थोड्या वेळानं तिचं अख्खं अंग थडथड उडायला लागलं. दातखीळ बसते की काय असं वाटलं. ही आता जाते, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. रिक्षात घातलं आणि डोंबिवलीचं हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उपवासाला काय खाल्लं, आजी?"

"भगरीची भाकरी."

"पीठ कधीचं?"

"आषाढीला आणलेलं. सुटं. उरलेलं, टाकवेना गं."

मी सुन्न झाले. म्हणजे अख्खा पावसाळा ते पीठ डब्यात होतं! ओल लागली की त्याला बुरशी धरते आणि तिचं विष भाजून, तळूनही जात नाही, असं बाईंनी सांगितलं. पीठ सुटं आणूच नका, अख्खी भगर लागेल तेवढीच आणा, निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा आणि लगेच संपवा. गाडीवरची पाणीपुरी खाल्ली म्हणून याच आईनं मला लहानपणी बडवलं होतं. आणि विष निघालं कुठून, तर देवघराखालच्या सोवळ्यातल्या डब्यातून! मला त्या डब्याचा, उपवासाचा, सगळ्याचाच संताप आला.

सलाईन चढलं, इंजेक्शनं झाली. संध्याकाळी थरथर थांबली. नर्सनं पेज आणून दिली होती, ती मी चमच्यानं भरवत होते. दोन-तीन चमचे गेल्यावर आईला नीट जाग आली. तिनं वाटीकडे पाहिलं.

"हे काय, तांदूळ?"

"हो."

"मोडला उपवास?"

"मोडला, आई."

ओकताना, थरथरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता ती हमसून हमसून रडायला लागली, आणि रडता रडता तिनं पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.