चारच्या पी-ईचा शेअर

गुडघे गेल्यावर अब्बांनी शेवगावचं कापडाचं दुकान विकलं. आलेल्या पैशाचं काय करायचं, हे ठरवायला भाई नगरहून आला. तो तिथे शेअर बाजाराचा क्लास चालवतो. मी शाळेत शिकवते, अम्मी-अब्बांजवळ राहते. मला कुणी विचारलं नाही.

भाईने मोबाईल अब्बांसमोर धरला. "ही खाण कंपनी. हिचा पी-ई चार. म्हणजे एका शेअरमागे वर्षाला एक रुपया कमाई असेल, तर शेअर चार रुपयांना मिळतो. दुसऱ्या कंपन्यांत त्याच एका रुपयाला चाळीस मोजावे लागतात."

"एवढं स्वस्त का देतात?" अब्बांनी विचारलं.

"लोकांना कळत नाही, अब्बा."

अब्बा खूश झाले. पोराला कळतं, याचाच आनंद जास्त होता. निम्म्याहून जास्त रक्कम त्या एका शेअरमध्ये गेली.

पुढच्या वर्षी खनिजाचे भाव पडले. कंपनीचा नफा आटला, शेअर त्याआधीच घसरला होता. अम्मीने फोनवर विचारलं, "आता पी-ई तीस दाखवतोय. वाढला म्हणजे चांगलंच ना?" भाई म्हणाला, थांबा, घाबरू नका.

मग मी स्वतःच वाचायला बसले. फार अवघड नव्हतं. खाणवाल्याची कमाई खनिजाच्या भावावर, आणि भाव त्याच्या हातात नसतो. भाव शिखरावर असला की नफा फुगतो, आणि शेअरच्या किमतीला फुगलेल्या नफ्याने भागलं की पी-ई छोटा दिसतो; नफा आटला की पडलेल्या शेअरचाही पी-ई मोठा दिसतो. पुढे नफा पडणार हे बाजाराला ठाऊक असतं, म्हणून तो जास्त किंमत देत नाही. खाणीच्या शेअरचा पी-ई सगळ्यात कमी असतो तेव्हाच जपायचं.

बकरी ईदला भाई आला, तेव्हा त्याला हे बोलून दाखवलं. तो हसला. "अगं, हे तर मी क्लासमध्ये शिकवतो."

"मग अब्बांना का नाही सांगितलंस?"

"त्यांना कुठे समजलं असतं!"

"तुझ्याकडेही होते ना तेच शेअर?"

"माझे वरच्या भावातच विकून टाकले. अब्बांचं लाँग टर्म होतं."

बाहेरच्या खोलीत अब्बा पाहुण्यांना सांगत होते, आमचा मुलगा नगरला शेअर बाजार शिकवतो, लांबलांबून पोरं येतात. मी आत येऊन अम्मीला सगळं सांगितलं. ती मटणाला फोडणी देत होती. मागे न वळता म्हणाली, "सणाच्या दिवशी नको. आणि त्यांना तर कधीच नको."

आता अब्बा बाजारपेठेत दुसऱ्याच्या दुकानात बसतात. खाली बसता येत नाही, म्हणून मालकाने स्टूल दिलंय. नवीन पोरांना कापड मोजायला शिकवतात. भाईचा क्लास जोरात आहे, नवी बॅच सुरू झाली की तो फोटो पाठवतो. अब्बा फोन माझ्याकडे देतात आणि म्हणतात, "त्याला लिही, शाबास." मी लिहिते.