आज मी इथे नाही

शारजात अल मजाजला खाडीकाठच्या बाकावर तो दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, भेटायचा. गुहागरकडचा सुतार. कपाळावर हेल्मेटचा वळ कायमचा उमटलेला. नाव विचारायचं राहूनच गेलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, बूट काढून बाकाखाली नीट ठेवलेले, हातात भाजलेल्या शेंगांची पुडी. पाठीमागे एक टॉवर उभा राहत होता. त्याचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे, हाच ठोकायचा, पण शुक्रवारी चुकूनही मान वळवायचा नाही. "सहा दिवस बघतोच की त्याला," म्हणायचा.

एकदा कंपनीची व्हॅन तिथेच थांबली. फोरमन उतरून म्हणाला, "यल्ला, चलो, स्लॅब भरना है. ओव्हरटाइम डबल."

माझ्या मांडीवर तेव्हा ऑफिसची फाइल होती. त्याच्या जागी मी असतो, तर उठलोच असतो. त्यानं शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळले, फुंकरीनं सालं उडवली आणि शांतपणे सांगितलं, "आज मैं इधर नहीं हूँ."

फोरमन खरंच दुसऱ्या कुणाला तरी शोधायला गेला. मी फाइल हळूच पिशवीत सरकवली.

टॉवर पूर्ण झाला, तसा सुतार दिसेनासा झाला. पुढे त्याच टॉवरमध्ये आम्ही भाड्यानं राहायला आलो. एका शुक्रवारी माझ्या मॅनेजरचा फोन आला, तो बायकोनं उचलला. सोफ्यावरूनच मी तिला हळूच म्हटलं, "सांग, मी इथे नाही."

शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "बट बाबा, यू आर राइट हिअर."

"तुझ्यासाठी आहे," मी म्हणालो, आणि शेंगांची वाटी तिच्यापुढे सरकवली.