टर्कीची हाक

२००४च्या मे महिन्यात, परदेशातल्या श्रूजबरी गावात नवीनच आलो होतो तेव्हा, मी सकाळी अपार्टमेंटमागच्या जंगलात फिरायला जायचो. एकदा झाडीतून टर्कीच्या मादीचा आवाज आला. पक्षी बघायला मिळेल म्हणून मी पाय न वाजवता त्या दिशेने गेलो.

“तिथेच थांब.”

समोरचं झाडच बोलल्यासारखं वाटलं. बुंध्याला पाठ टेकून हिरव्या-करड्या कपड्यांतला एक म्हातारा बसला होता. त्याचे फक्त डोळे हलत होते.

मांडीवर शिकारी टर्कीच्या नराला भुलवायला वापरतात तशी लाकडी डबी होती. झाकण घासलं की मादीची हाक निघायची.

“वारा असला की ही, हिचा आवाज लांब जातो,” तो म्हणाला आणि खिशातून एक पातळ पट्टी काढली. “नर जवळ आला की टाळूला लावून वाजवायची ही पट्टी. हात हलवावे लागत नाहीत.”

“आवाज अगदी हुबेहूब आहे,” मी म्हणालो.

“माझा भाऊही फसला. तुझ्यासारखाच हळूहळू चालत आला. झुडूप हललं आणि मी गोळी झाडली.”

मी आजूबाजूला पाहिलं. बंदूक कुठेच नव्हती.

“मग आता कोणाला बोलावता?”

त्याने पट्टी टाळूला लावून पुन्हा हाक दिली, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या पायवाटेकडे बघत राहिला.

घरी जायला मला तीच वाट होती.