बाशाचा बाप कोण

इनायतबाईंनी अलेक्झांड्रियाच्या टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षं चौकशीच्या टेबलावर काढली. लोक फोन करून नाव सांगायचे, बाई नंबर सांगायच्या. तेवढ्या काळात माणसांची एकच जात त्यांना मनापासून नकोशी झाली: सहा नंबर हवे असताना सहा वेळा फोन करणारी. "अहो, कागद घ्या, सहा नावं लिहा आणि एकदाच विचारा ना!" असं त्या ओरडायच्या. लमई नावाच्या एका न्हाव्याला त्यांनी यावरून तीन वर्षं झापलं आणि शेवटी त्याच्याशीच लग्न केलं. लग्नानंतर तो पाव, मुळा आणि साबण एका खेपेत आणायला शिकला. बाईंच्या मते तिथेच तो संसार तरला.

खात्यात संगणक आले तेव्हा बाकीच्या बायकांनी तोंडं वाकडी केली. इनायतबाईंनी मात्र डेटाबेस सांभाळायचं काम शिकून घेतलं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून त्या हाज बयूमींच्या कंपनीत लागल्या. हाज बयूमी म्हणजे कबुतरांपायी वेडा झालेला माणूस. त्यांनी देशभरातल्या कबुतरबाजांसाठी एक वेबसाइट काढली होती. पक्ष्याचा फोटो, मालकाचं नाव, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पक्ष्याचं कुळ. बाप, आई, आजे, पणजे, पाच पिढ्यांपर्यंत. कुळ नसलेल्या कबुतराकडे हाज मांजरीकडे पाहावं तसं पाहायचे.

बाई लागल्या तेव्हा साइटचं पहिलं पान उघडायला चार मिनिटं लागत होती.

"नजर लागलीय," हाज म्हणाले. त्यांनी सर्व्हरवर निळा मणी टांगला. फरक पडेना तेव्हा दारात मेंढा कापला आणि रक्ताचा पंजा सर्व्हरच्या खोलीच्या काचेवर उमटवला. तरी चार मिनिटं. मग इंजिनियर नाजीने दुप्पट मोठं मशीन आणायला लावलं. ते चौघांनी जिन्यावरून उचलून चढवलं, त्यात एकाची कंबर धरली. नव्या मशीनवर पान तीन मिनिटं पन्नास सेकंदांत उघडलं. नाजीने सगळ्यांना बसबुसा वाटला.

"दहा सेकंदांसाठी मिठाई?" बाईंनी विचारलं.

"मदाम, सुधारणा ती सुधारणा," नाजी म्हणाला. तो पस्तिशीचा, दोन पदव्यांचा, आणि स्वतःच्या कोडबद्दल सासरच्या माणसांसारखा हळवा होता.

बाईंनी वाद घातला नाही. डेटाबेसला कोण, केव्हा, काय विचारतं याची नोंद ठेवायची सोय असते, ती नाजीने बंद ठेवली होती. बाईंनी ती चालू केली, पहिलं पान एकदाच उघडलं, आणि नोंद छापायला सोडली. प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. कागद टेबलावरून खाली, खालून दाराबाहेर. हाजांनी चपला काढून कागद ओलांडला, काही पवित्र असावं अशा समजुतीने.

"बारा हजार सहाशे एक," बाई म्हणाल्या.

"काय?"

"प्रश्न. एक पान उघडायला तुमची साइट डेटाबेसला बारा हजार सहाशे एक प्रश्न विचारते. पहिला प्रश्न बरोबर आहे: पानावरची दोनशे कबुतरं कोणती? पुढे एकेका कबुतराला धरून, तुझा मालक कोण? तुझा बाप कोण? आई कोण? बापाचा बाप कोण? प्रत्येक वेळी उठायचं, विचारायचं, परत यायचं, पुन्हा उठायचं. इंजिनियरसाहेब नाजी, तुम्ही माझ्या नवऱ्याचे भाऊ तर नाही ना?"

"कोड वाचायला सुटसुटीत आहे," नाजी पडेल आवाजात म्हणाला. "एक पक्षी, एक प्रश्न. माझ्या मशीनवर तर पटकन उघडायचं."

"तुमच्या मशीनवर कबुतरं किती होती?"

"तीन."

हाजांनी कपाळाला हात लावला. बाईंनी लाल पेनाने कागदावर खुणा करायला घेतल्या आणि मध्येच थबकल्या. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. बाशाचा बाप कोण? पुढच्या हातभर कागदावर पुन्हा, बाशाचा बाप कोण? एका पानासाठी एकोणीसशे अकरा वेळा.

"हा बाशा कोण?"

हाज खुर्चीतून उठून उभे राहिले. "मुअल्लिम दसूकींचा नर! कबुतरबाजांचे उस्ताद ते! त्याच्यासारखा पक्षी पुन्हा होणे नाही. ज्याच्याकडे चांगलं कबुतर आहे, त्याच्या कुळात बाशा असतोच."

"असू दे ना. पण त्याचा बाप कोण हे एकदा सांगितल्यावर पुरे. डेटाबेस काही बहिरा नाही."

बाईंनी नाजीला शेजारी बसवलं आणि आठवडाभरात सगळं नव्याने लिहून घेतलं. दोनशे पक्षी एका प्रश्नात. सगळ्यांचे मालक एका प्रश्नात. मग सगळ्यांचे आईबाप एकदम, त्या सगळ्यांचे आईबाप एकदम, अशा पाच पिढ्यांचे पाच प्रश्न. एकूण सात. शिवाय, ज्या रकान्यावरून शोध चालायचा त्याला सूची जोडली, म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण वही पहिल्या पानापासून चाळायला नको.

आता करून बघायचं, तर हाजांचा नियम आडवा आला. साइटवर खोटं कबुतर चढवायचं नाही, अगदी चाचणीलासुद्धा नाही. म्हणून बाईंनी शुक्रवारच्या बाजारातून एक पांढरी मादी आणली, तिचा फोटो काढला आणि तिला चढवलं. आईबापाच्या रकान्यात, माहीत नव्हतं म्हणून, काहीच लिहिलं नाही. मादी घरी बाल्कनीत खोक्यात राहिली. लमईने तिच्याकडे पाहून गुपचूप फ्रीकेह भिजत घातलं, कबुतर शिजवताना पोटात भरतात तो हिरवा गहू. ते बाईंनी वेळीच पाहिलं.

पान उघडलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत दोनशे कबुतरं कुळासकट हजर. नाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी तक्रारींचा पाऊस पडला.

तंता, दमनहूर, सुएझ, कुठून कुठून फोन. "काय चाललंय? कुळ लगेच कसं येतं?" "पूर्वी चार मिनिटं तपास व्हायचा, आम्ही चहा टाकून बसायचो." "आता काही बघतच नाही तुमचं मशीन, वाटेल ते दाखवतं!" दमनहूरच्या एका म्हाताऱ्याने तर हाजांना सांगितलं, "माझ्या मुलीचं लग्न इतक्या झटपट ठरलं असतं, तर मी मोडलं असतं."

हाज हवालदिल होऊन बाईंकडे आले. "मदाम, जरा हळू करता येईल का?"

"हळू?"

"थोडंसं. तीन मिनिटं."

"हाज, मी मेल्यावर करा."

त्याच दिवशी बाईंना दुसरंच काही दिसलं. पाचव्या पिढीत दोनशे पक्ष्यांचे सहा हजार चारशे पूर्वज यायला हवेत. सगळ्यांना एकदम विचारल्यावर हाती आले अकरा. अख्ख्या देशाची कबुतरं अकरा पक्ष्यांची. त्यात बाशाचा बाप बर्क. बर्कचा बाप फहद. आणि फहदचा बाप बाशा.

त्यांनी तीनदा तपासलं. बाशा स्वतःचाच पणजोबा होता. फहदची नोंद मुअल्लिम दसूकींनीच केली होती. नाजीने लाजत कबूल केलं की पाच पिढ्यांची मर्यादा त्याने उगाच घातली नव्हती. त्याआधी साइट बाशाभोवती फिरत राहायची आणि मशीन गरम होऊन बंद पडायचं. कारण त्याने कधी शोधलं नव्हतं.

मुअल्लिम दसूकी बोलावल्यावर आले. दारात मावणार नाही असा देह, अंगात इस्त्रीची पायघोळ गलाबिया. बाईंनी कागद पुढे ठेवला.

"मुअल्लिम, तुमचा बाशा स्वतःचा पणजोबा आहे."

दसूकींनी कागद शांतपणे वाचला. "मदाम, तुम्ही बाशाला पाहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"पाहिलं असतं, तर हे तुम्हाला अवघड वाटलं नसतं."

दसूकी चहा पिऊन निघून गेले, एक अक्षर न बदलता.

साइटच्या वेगावर शेवटी तडजोड झाली. पान उघडताना पडद्यावर एक कबुतर नऊ सेकंद घिरट्या घालेल. त्या वेळात डेटाबेसला कुणीही काहीही विचारणार नाही, असं बाईंनी हाजांकडून कबूल करून घेतलं. तक्रारी बंद झाल्या. तंताच्या एकाने तर कळवलं की आता तपास पूर्वीपेक्षा बारकाईने होतो.

मग बाईंच्या मादीबद्दल विचारणा सुरू झाली. पान आता पूर्ण उघडत असल्यामुळे लोक शेवटच्या पक्ष्यापर्यंत पोचत होते, आणि तिथे आईबापाचे रकाने कोरे असलेलं एक पांढरं कबुतर होतं. बाशाचं रक्त नसलेला साइटवरचा तो एकमेव पक्षी. सुएझचा एक निवृत्त कप्तान दोनदा येऊन गेला. कुणी म्हणे ही सुदानची जात, कुणी म्हणे जुन्या राजवाड्यातली. लमई तिला हाताने मका भरवू लागला आणि त्याने शेजाऱ्यांना बाल्कनीत घ्यायचं बंद केलं.

एका दुपारी दसूकी स्वतः घरी आले. खोक्यापाशी उकिडवे बसून त्यांनी मादीचा पंख अलगद उलगडून पाहिला.

"माझी पिल्लं अंड्यातच मरतायत, मदाम," ते हळूच म्हणाले. "चार वर्षं झाली. कुठूनही मादी आणली तरी घरचीच निघते."

बाईंना त्यांची दया आली, आणि रागही. "मी मादी देते. पण फहदचा बाप पुसा."

"बाशाचं नाव?"

"खरा बाप कोण होता?"

खाली रस्त्यावर गॅसचं सिलिंडर विकणारा पान्याने टणटण वाजवत गेला. "मिन्याच्या बसस्टँडवर एकाकडून घेतला होता फहद," शेवटी ते म्हणाले. "पिशवीत होता. कुळ विचारायला लाज वाटली."

बाईंनी लॅपटॉप उघडला, दसूकींनी स्वतःच्या जाड बोटाने ते नाव पुसलं, आणि रकाना कोरा राहिला. लमईने मादी टोपलीत ठेवून वर ओलं फडकं बांधलं. दाराशी जाऊन दसूकी वळले.

"मदाम, ही खाते काय?"

"मका," लमई मागून ओरडला, "आणि भिजवलेला हरभरा, सकाळी. आणि तिला एकटीला ठेवू नका!"

दसूकींनी मान हलवली, टोपली छातीशी धरली आणि एकेक पायरी चाचपत जिना उतरू लागले. बाई कठड्याशी उभ्या राहून ते खाली पोचेपर्यंत बघत होत्या.