काकांची सकाळची ओळ

इंटरनेटवरचा आमचा गप्पांचा कट्टा कुठल्या बड्या कंपनीचा नाही. असे कितीतरी छोटे कट्टे एकमेकांना जोडलेले असतात. आमचा कट्टा, सगळे ज्यांना काका म्हणतात, त्यांच्या घरातल्या एका संगणकावर चालतो. काका रोज सकाळी तिथे लिहितात, "यंत्र पाहिलं, ठीक आहे." आज पाच दिवस झाले, ती ओळ आलेली नाही.

"काका सासुरवाडीला रमले वाटतं," कुणीतरी लिहिलं. सगळे हसले. मग एका ताईंनी विचारलं, "त्यांचा फोन नंबर आहे का कुणाकडे?" तो कुणाकडेच निघाला नाही.

आमच्या घरात शिकलेला मी पहिला. आईला अक्षरओळख नव्हती. तिने सांगितलेल्या रानभाज्या आणि त्या करायच्या रीती मी फक्त या कट्ट्यावर लिहिल्या. "लिही रे, आईचं आहे ते," असं काकांनीच म्हटलं होतं. आता आई नाही.

इथे कुणी मालक नाही, याचा आम्हाला केवढा अभिमान! पण किल्ली एकाच माणसाकडे आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही. त्यांचं खरं नावही आम्ही कधी विचारलं नाही.

आज आईच्या भाज्यांचं पान उघडायला फार वेळ लागला. मी घाईने वही घेतली. कुरडू, टाकळा, शेवळं. चौथं नाव उतरवणार, तोच स्क्रीन पांढरा पडला.